बिनतारी गाडीचें चौथें चाक



खर्डा हें नांव उच्चारलें कीं मराठी माणसास ११ मार्च १७९५ हा दिवस आठवतो. सगळे मराठे सरदार पेशव्यांच्या निशाणाखालीं एकत्र जमून लढले अशी ती शेवटची मोठी लढाई. तिच्याविषयीं आजवर पुष्कळ बोलून व लिहून झालें आहे. अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांतील या गांवाच्या आसमंतांत सारी हयात घालविलेला मी एक निवृत्त शाळामास्तर. तेव्हां माझ्याकडून तुम्ही लढाईच्याच हकीकतीची अपेक्षा कराल हें स्वाभाविक आहे. ती मी सांगणार आहें, पण थोडी, आणि निराळ्या कारणासाठीं. माझा आजचा विषय एक लहानशी गाडी हा आहे.

ही गाडी म्हणजे मालमोटारीची एक-दशांश प्रमाणाची प्रतिकृति. लांबी हातभर, उंची वीतभर, वजन दोन-अडीच किलो. पोटांत विजेची मोटर आणि बॅटरी. चालविणारा गाडींत बसत नाहीं. तो कांहीं पावलांवर एका मचाणावर उभा राहतो आणि हातांतील यंत्रानें बिनतारी संदेश धाडून तिला वळवितो, पळवितो, थांबवितो. मुलें त्या यंत्रास नुसतें ‘रिमोट’ म्हणतात. मी आपला प्रेषक म्हणेन. या गाड्यांच्या शर्यती गुळगुळीत रस्त्यावर होत नाहींत. त्यांच्यासाठीं मातीची वाट मुद्दाम उंचसखल केलेली असते. तींत उंचवटे असतात, खळगे असतात, आणि गाडीनें उडी घेऊन पलीकडे उतरावें असे बांध घातलेले असतात. जपान, अमेरिका व युरोप येथें अशा शर्यतींस चाळीस वर्षांहून अधिक परंपरा आहे. आपल्याकडे मोठ्या शहरांतून थोडी हौशी मंडळी त्या नादास लागलेलीं आहेत, आणि घरांतील वडील माणसें त्यांच्या खर्चाकडे पाहून कपाळास आंठ्या घालतात.

या गाडीचा इतिहास म्हणजे बिनतारी विद्येचा इतिहास, असा सर्वसाधारण समज आहे. माझें मत तसें नाहीं. दुरून हुकूम कसा पोंचवावा हें कोडें १८९८ सालींच सुटलें होतें. परंतु तो हुकूम घेऊन खडबडीत रानांतून पळणारी लहान गाडी सामान्य माणसाच्या हातीं येण्यास १९७९ साल उजाडावें लागलें. मधलीं ऐशीं वर्षें कोणी अडविलीं? माझें उत्तर असें कीं, जमिनीनें अडविलीं. हें पटवून देण्यासाठीं प्रथम घरांतीलच एक उदाहरण घेतों.

तीन पायांची तिवई कसल्याहि ओबडधोबड जमिनीवर ठेवा, ती डुगडुगत नाहीं. चार पायांचा चौरंग मात्र फरशी अंमळ वरखालीं असली तरी डुगडुगतो. कारण उघड आहे. कोणत्याहि तीन बिंदूंतून एक सपाट पातळी जातेच. चौथा बिंदु त्याच पातळींत पडेल अशी हमी नसते. भूमितीचा हा साधा सिद्धान्त शाळेंत मुलें पाठ करतात आणि विसरतात, पण आपल्या सुतारांनीं तो कधींच विसरला नाहीं. बैलगाडीस चाकें दोन आणि तिसरा आधार बैलांच्या मानेवरील जुवाचा. तोफेच्या गाड्यासहि चाकें दोन. ओढतांना तिसरा आधार पुढें, आणि उभा असतांना मागें जमिनीवर टेकणारें शेपूट हा तिसरा आधार. म्हणून स्प्रिंग नसलेली बैलगाडी ढेकळांतून, ओढ्यांतून, बांधावरून जाते आणि तिचीं दोन्ही चाकें जमीन सोडीत नाहींत. चौथें चाक आलें कीं मात्र सारें बिघडतें. खांचखळग्यांत चारांपैकीं एक चाक अधांतरीं राहतें, आणि अधांतरीं राहिलेलें चाक ना गाडीस ओढतें ना वळवितें.

आतां खर्ड्याची हकीकत. निजाम अलीखानाचें सैन्य बेदरकडून मांजरेच्या कांठानें येऊन मोहरीचा घाट उतरून खर्ड्याकडे वळलें. घाटांतून तोफा उतरविणें म्हणजे काय, याची कल्पना ज्यानें भरलेली बैलगाडी उतारावर मागें दोर धरून उतरविली आहे त्यासच येईल. मराठ्यांच्या सैन्याचें आधिपत्य परशुरामभाऊ पटवर्धनांकडे होतें. टेहळणीस पुढें गेले असतां त्यांच्यावर अकस्मात् हल्ला झाला. भाऊ स्वतः जखमी झाले व त्यांचे पुतणे विठ्ठलराव पडले. आरंभ असा वाईट झाला. पण पुढें नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या बाणांचा वर्षाव, आणि शिंद्यांच्या कवायती पलटणींचा सेनानी पेरॉन यानें उंचवट्यावर मांडलेल्या तोफांचा मारा, हे दोन्ही एकदम सुरू झाले आणि निजामाचें घोडदळ उधळलें. रेमंडच्या पलटणी टिकून होत्या; तरी निजामानें त्यांस मागें बोलाविलें. रात्रीच्या अंधारांत गोंधळ उडाला आणि निजाम निंबाळकरांच्या लहानशा किल्ल्यांत जाऊन बसला. उजाडल्यावर मराठ्यांना रानांत टाकून दिलेल्या तोफा व सामान सांपडलें. किल्ल्यास वेढा पडला, आंत पाण्याचे हाल झाले, आणि तीन कोट रुपये, दौलताबादचा किल्ला व दिवाण मुशीरुल्मुल्क इतकें देण्याचें कबूल करून निजामास तह करावा लागला.

या लढाईंत फितुरी किती, दैव किती व शौर्य किती यावर विद्वानांनीं खुशाल वाद करावा. मला त्यांतली एकच गोष्ट आज हवी आहे. पेरॉनच्या तोफा वेळेवर उंचवट्यावर पोंचल्या आणि निजामाच्या तोफा वेळेवर रानांतून निघूं शकल्या नाहींत. तोफ किती मोठी यापेक्षां ती कोणत्या जमिनीवरून किती लवकर हलते, हाच प्रश्न निर्णायक ठरला. डी बॉयननें शिंद्यांच्या पलटणींसाठीं ज्या मैदानी तोफा ओतविल्या त्या हलक्या होत्या. जड तोफांच्या पायीं सैन्य अडकून पडतें हें तो जाणून होता. दिवसहि मार्चचे होते. आमच्याकडची काळी जमीन त्या सुमारास वाळून भेगाळलेली असते. हीच लढाई श्रावणांत झाली असती तर दोन्ही पक्षांच्या तोफा चिखलांत आंसापर्यंत रुतून बसल्या असत्या. दसऱ्यास सीमोल्लंघन आणि पावसाळ्यांत छावणी, ही जुनी रीत जमिनीनेंच घालून दिलेली होती.

येथून शंभर वर्षें पुढें जाऊं. १८९५ सालच्या सुमारास कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्यें आचार्य जगदीशचंद्र बसु यांनीं विद्युल्लहरी भिंतींतून आरपार धाडून पलीकडची घंटा वाजविली व दारूची चिमूट पेटविली. तारेवांचून दूरच्या वस्तूकडून काम करवून घेण्याचा हा प्रयोग हिंदुस्थानांत, एका हिंदी शिक्षकाच्या हातून झाला, हें मी वर्गांत दर वर्षीं न चुकतां सांगत असें. तीन वर्षांनीं, १८९८ मध्यें, न्यूयॉर्क येथील मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील प्रदर्शनांत निकोला टेस्ला यानें एका हौदांत लहानशी विजेची होडी सोडून ती दुरून चालवून दाखविली. पाहणाऱ्यांस ती जादू वाटली. टेस्लानें जें पेटंट घेतलें त्यांत ‘जहाजें अथवा वाहनें’ असे दोन्ही शब्द आहेत. लिहिलीं दोन्ही, पण करून दाखविली ती होडीच. त्याची बुद्धि कमी पडली असें कोण म्हणेल? पाणी सपाट असतें. त्यांत दगड नाहींत, ढेकळें नाहींत, बांध नाहींत. त्यानें शहाणपणानें सोपी बाजू आधीं घेतली, असें मला वाटतें.

जमिनीवरचा पहिला प्रयत्न स्पेन देशाच्या लेओनार्दो तोरेस केवेदो या इंजिनियरानें केला. १९०४ सालीं माद्रिद येथें त्यानें विजेवर चालणारी एक गाडी बिनतारी संदेशानें वीस-तीस मीटरांपर्यंत चालविली. या प्रयोगाच्या दोन गोष्टी लक्षांत घेण्याजोग्या आहेत. तो चेंडूच्या खेळासाठीं बांधलेल्या सपाट अंगणांत झाला, आणि गाडीस चाकें तीन होतीं. तिवईचा न्याय! पुढें १९०६ सालीं बिल्बाओ येथें राजासमोर प्रयोग करावयाचा झाला तेव्हां त्यानेंहि होडीच घेतली. १९२१ मध्यें अमेरिकेंतील डेटन येथें लष्कराच्या माणसांनीं बिनतारीवर चालणारी गाडी रस्त्यावर आणली, तिलाहि तीनच चाकें होतीं. १९२५ सालीं न्यूयॉर्कच्या रस्त्यांतून खरी मोटार मागून येणाऱ्या दुसऱ्या मोटारींतून चालविण्याचा प्रयोग झाला. ती एका मोटारीवर जाऊन आदळली आणि वर्तमानपत्रांस मजकूर मिळाला.

युद्धानें ही विद्या हातीं घेतली तेव्हां चाकांचा नादच सोडून दिला. रशियानें १९३९-४० च्या फिनलंडवरील स्वारींत बिनतारीनें हांकलेले रणगाडे वापरले. जर्मनांनीं १९४२ पासून ‘गोलायथ’ नांवाची कमरेइतकीहि उंच नसलेली गाडी काढली. ती आरंभीं विजेच्या मोटरींवर चाले, पोटांत साठ किलो स्फोटक द्रव्य घेऊन शत्रूच्या ठाण्याखालीं जाई आणि फुटे. तिला हुकूम मात्र मागें उलगडत जाणाऱ्या तारेंतून मिळत, आणि ती तार तुटली कीं गाडी जागच्या जागीं मेली. या सर्वांस चाकांऐवजीं पट्टे होते. पट्टा म्हणजे जमिनीशीं तडजोड न करतां तिला तुडवीत जाण्याचा मार्ग. तो जड आहे, हळू आहे, आणि वीज फार खातो.

चाकांचा मान राखला तो चंद्रावर! नोव्हेंबर १९७० मध्यें रशियाची ‘लुनोखोद’ ही गाडी चंद्रावर उतरली. तिला आठ चाकें. प्रत्येक चाकास स्वतःची विजेची मोटर आणि स्वतःची स्प्रिंग. पृथ्वीवर बसलेले पांच जण मिळून तिला चालवीत, आणि एका हुकुमाचा परिणाम पडद्यावर दिसण्यास कांहीं सेकंद जात. तरी ती सुमारें साडेदहा किलोमीटर चालली, आणि १९७३ मधील तिची धाकटी बहीण ३९ किलोमीटर. ज्या प्रश्नाशीं आम्ही आज आलों आहोंत त्याचें उत्तर या गाडीच्या अंगावरच लिहिलेलें होतें: प्रत्येक चाक वेगळें वरखालीं होऊं द्या, म्हणजे सगळीं चाकें जमिनीवर राहतील.

आतां खेळण्यांकडे वळूं. इटलींतील एका कारखान्यानें १९६६ सालीं फेरारी मोटारीची बिनतारी चालणारी प्रतिकृति विकण्यास आणली. १९७६ मध्यें जपानांतील शिझुओका येथील तामिया कंपनीनें पोर्शे मोटारीची विजेवर चालणारी प्रतिकृति काढली. ती घरीं जुळवावयाची असे आणि तिचा खप अपेक्षेपलीकडे झाला. या सर्व गाड्या गुळगुळीत फरशीच्या. अंगणांत नेली कीं खडा आडवा येऊन गाडी थांबे. येथें प्रमाणाचें गणित ध्यानांत घ्यावयास हवें. एक-दशांश गाडीपुढें दोन इंचांचा खडा म्हणजे खऱ्या मालमोटारीपुढें वीस इंचांचा धोंडा होय. लहान गाडीस आपलें साधें परसूं हेंच सह्याद्रीचें खोरें.

मग १९७९ सालीं त्याच कंपनीनें वाळूंत व रानांत चालणाऱ्या दोन गाड्या आणल्या, ‘सँड स्कॉर्चर’ आणि ‘रफ रायडर’. खऱ्या मोटारीच्या धर्तीवर त्यांत प्रत्येक चाकास वेगळा हात व स्प्रिंग दिलेली होती, आणि बिनतारी यंत्र पाणी-धूळ शिरूं नये अशा बंद पेटींत ठेविलेलें होतें. चौथें चाक येथें जमिनीवर आलें. १९८४ सालीं कॅलिफोर्नियांतील एका कारखान्यानें ‘आरसी-१०’ नांवाची गाडी काढली. तिचा सांगाडा ॲल्युमिनियमचा, हात नायलॉनचे आणि धक्के जिरविणाऱ्या नळ्या तेलानें भरलेल्या. ती खेळणें म्हणून नव्हे तर शर्यतीसाठींच घडविलेली होती. लगेच १९८५ मध्यें कॅलिफोर्नियांतच डेल मार येथें विजेच्या रानगाड्यांची पहिली जागतिक स्पर्धा भरली. त्यानंतर रुंद बांध्याच्या व मोठ्या चाकांच्या मालमोटारींचा वर्ग निघाला, आणि २००८ पासून खऱ्या रानशर्यतींतील ट्रकांसारखे आंखूड शर्यतीचे ट्रक लोकप्रिय झाले.

ही गाडी जुळविण्यांत व लावण्यांत काय आहे, हें मीं माझ्या पुतण्याच्या मुलाकडून शिकलों. सतारीस सूर लावावे तसें तो गाडी ‘लावणें’ म्हणतो आणि तो शब्द मला आवडला. सुट्टींत तो आपली गाडी खर्ड्यास घेऊन आला. शहरांतील मातीच्या वाटेवर उत्तम पळणारी ती गाडी येथें किल्ल्याजवळच्या मुरमाड माळावर पहिल्या पांच मिनिटांत चार वेळां उताणी पडली. गांवचीं मुलें हंसलीं. पोरानें मात्र न रागावतां ती घरीं आणली, ओसरीवर वर्तमानपत्र पसरलें आणि तिचीं आंतडीं बाहेर काढलीं. पुढचे चार दिवस मी शेजारीं बसून होतों.

पहिली गोष्ट धक्के जिरविण्याची. गॅरेजवाले ज्यास ‘शॉकअप’ म्हणतात तीच ही नळी, फक्त बोटाएवढी. तिच्यांत सिलिकॉनचें तेल आणि बारीक भोंकें पाडलेला दट्ट्या असतो. स्प्रिंग चाकास खालीं ढकलते आणि तेल तिला घाई करूं देत नाहीं. तेल फार पातळ असलें तर गाडी उडी मारून उतरल्यावर चेंडूसारखी पुन्हां उसळते. फार दाट असलें तर लहान खड्यांवर चाक वेळेंत खालीं येत नाहीं आणि गाडी दगडावरून दगडावर ठेंचाळत जाते. आमच्याकडच्या वैशाखांतील उन्हांत तेल आपोआप पातळ होतें, म्हणून सकाळीं बरी चालणारी गाडी दुपारीं उसळूं लागते, हें मुलांच्या लक्षांत दुसऱ्याच दिवशीं आलें. शहरांतील ओलसर, दाबून बसविलेल्या मातीसाठीं घातलेल्या ताठ स्प्रिंगा काढून मऊ घातल्या तेव्हां उताणें पडणें निम्म्यावर आलें.

दुसरी गोष्ट दांत्यांची. मोटरीच्या टोंकावर एक लहान दंतचक्र असतें व तें मोठ्या चक्रास फिरवितें. लहान चक्राचे दांते कमी केले तर वेग कमी, पण ओढ जास्त. वाढविले तर वेग जास्त, पण मोटर तापते. पांच मिनिटांच्या फेरीनंतर मोटरीवर बोट ठेवून पहावें. बोट टिकत नसेल तर दांते कमी करावे. दोन चक्रांमध्यें फट किती ठेवावी यासाठीं एक सुंदर युक्ति आहे. कागदाची पट्टी दोहोंमध्यें धरून चक्रें एकमेकांवर दाबावीं, मोटर घट्ट आवळावी आणि मग पट्टी ओढून काढावी. राहील तेवढी फट बरोबर. घट्ट बसविलें तर दांते घासून जातात, सैल बसविलें तर तुटतात. हें पाहून आमच्या शेजारच्या सुताराची मला आठवण झाली. तो आंस व तुंबा यांतील जागा असाच हातानें जाणून घेई.

वजन कोठें ठेवावें हा तर मोठाच प्रश्न. मुरूम सुटा असेल तर मोटर व बॅटरी मागच्या चाकांकडे सरकवावी, म्हणजे ओढणाऱ्या चाकांवर भार येतो. जमीन दाबलेली व पकड देणारी असेल तर भार मधोमध आणावा, नाहींतर वळणावर पुढचीं चाकें भारच घेत नाहींत आणि गाडी सरळ जाते. टायरचेंहि तसेंच: सुट्या मातींत उंच कांटे, घट्ट जमिनीवर बारीक व दाट. एक घसरपट्टीचा क्लचहि असतो. गाडी हवेंतून उतरते तेव्हां फिरतीं चाकें जमिनीवर एकदम अडतात आणि तो झटका दांत्यांवर बसूं नये म्हणून हा क्लच क्षणभर घसरतो. किती आवळावा हें पुस्तकांत सांगतां येत नाहीं, कानानें ओळखावें लागतें.

सर्वांत नवल वाटलें तें हवेंतील हांकण्याचें. गाडी बांधावरून उडाल्यावर ती कोणाच्याच ताब्यांत नाहीं असें आपणांस वाटेल. परंतु तशा स्थितींत वेग दिला तर तिचें नाक वर येतें आणि ब्रेक लावला तर खालीं जातें. चाकें एका दिशेनें अधिक जोरानें फिरूं लागलीं कीं बाकीची गाडी उलट दिशेनें थोडी फिरते. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाचेंच हें रूप. तीस वर्षें हा नियम मीं फळ्यावर लिहिला. एका पोराच्या आंगठ्याखालीं तो इतका आज्ञाधारक झालेला मीं प्रथमच पाहिला.

विजेच्या बाजूनें फार बोलत नाहीं. आरंभीं निकेल-कॅडमियमचे सहा घट मिळून ७.२ व्होल्ट होत, आणि वेग कमी करावयाचा तर तार-रोधकांतून वीज उष्णतेच्या रूपानें फुकट घालवावी लागे. पुढें इलेक्ट्रॉनिक नियंत्रक आला. मग घासणारे कार्बन नसलेल्या मोटरी आल्या. आणि लिथियमच्या बॅटऱ्या आल्या, ज्यांचे दोनच घट ७.४ व्होल्ट देतात. वडील मंडळींनीं येथें एकच पथ्य पाळावें. ही लिथियमची बॅटरी भारित करीत ठेवून कोणीं बाहेर जाऊं नये, फुगलेली वापरूं नये, आणि एका घटाचा दाब तीन व्होल्टांच्या खालीं जाऊं देऊं नये. तिच्यापासून आग लागते. संदेशांचाहि एक घोळ पूर्वीं असे. २७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांत दोघांनीं एकच लहर वापरली तर एकाची गाडी दुसऱ्याच्या हुकुमानें पळे. २.४ गिगाहर्ट्झच्या नव्या पद्धतींत प्रेषक व ग्राहक एकमेकांस ओळखतात आणि हा घोळ मिटला. आपल्या सरकारनें त्या पट्ट्यांतील अल्पशक्तीच्या यंत्रांस २००५ सालीं परवान्यांतून मोकळें केलें.

शर्यतींतील एक रीत मात्र सांगितल्यावांचून राहवत नाहीं. ज्यांची फेरी संपली त्यांनीं प्रेषक खालीं ठेवून लगेच मैदानांत उभें रहावयाचें आणि पुढच्या फेरींत ज्यांच्या गाड्या उताण्या पडतील त्या धांवत जाऊन सरळ करावयाच्या, मग ती गाडी प्रतिस्पर्ध्याची का असेना. जो जिंकला त्यासहि यांतून सूट नाहीं. आमच्या माळावर चौथ्या दिवशीं दोन गाड्या झाल्या होत्या, कारण शेजारच्या गांवाहून एक मुलगा बाजारांतून तयार आणलेली गाडी घेऊन आला. ती अधिक वेगवान होती. पण तिचा पुढचा हात मोडला तेव्हां तो कोठला भाग आणि कसा निघतो हें त्यास सांगतां येईना. आमच्या पोरानें आपली फेरी सोडून त्याच्या गाडीचें पुढचें अंग उघडलें. खर्च वायां जातो कीं कसें, असें विचारणाऱ्या गृहस्थांस मी एवढेंच म्हणेन कीं तयार गाडी घेऊं नका, सुटे भाग घ्या. आणि पैसे कमी असतील तर गाडी हलकी घ्या, पण मोडणारे भाग दोन-दोन घ्या.

या खेळण्याचे थोरले भाऊ आपल्याच मुलखांत आहेत. पुण्यास दिघी येथील संरक्षण खात्याच्या अभियांत्रिकी संशोधन संस्थेनें ‘दक्ष’ नांवाचें यंत्र घडविलें. तेंहि विजेवर चालतें, दुरून बिनतारीनें चालतें, जिने चढतें, आणि संशयित बॉम्बपाशीं माणसाच्या ऐवजीं जाऊन क्ष-किरणांनीं त्याच्या पोटांत पाहतें व पाण्याच्या झोतानें तो निकामी करतें. पांचशें मीटरांवरून त्यास हुकूम देतां येतो. डिसेंबर २०११ मध्यें त्यांपैकीं पहिलीं पांच यंत्रें लष्कराच्या स्वाधीन झालीं. इकडे नगरजवळ लष्करी वाहनांची संशोधन संस्था आहे. फाळणीच्या वेळीं, १९४७ सालीं, तिचें मूळचें ठाणें रावळपिंडीजवळच्या चकलाल्याहून नगरास आलें. खऱ्या गाड्यांचे आंस, स्प्रिंगा व टायर तेथें मुद्दाम केलेल्या वाईट रस्त्यांवर कसोटीस लावले जातात. नगरच्याच रणगाडा संग्रहालयांत, जें १९९४ पासून उघडें आहे, चाकांच्या चिलखती मोटारीपासून पट्ट्यांच्या रणगाड्यांपर्यंतची सारी वंशावळ उभी आहे. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनीं तोफांपेक्षां खालचीं चाकें व त्यांचे हात वांकून पहावेत.

आणि अखेर पुन्हां चंद्र. २३ ऑगस्ट २०२३ रोजीं चांद्रयान-३ उतरलें आणि त्यांतून ‘प्रज्ञान’ ही सहा चाकांची, सव्वीस किलोंची गाडी बाहेर पडली. तिचीं चाकें एकमेकांत गुंतविलेल्या डोलत्या भुजांवर बसविलेलीं होतीं, त्यामुळें एक चाक दगडावर चढलें तरी बाकीचीं जमिनीस टेंकलेलींच राहत. वेग सेकंदास एक सेंटिमीटर. आमच्या माळावरच्या गाडीपुढें ती गोगलगाय. २७ ऑगस्ट रोजीं तिच्यापुढें तीन मीटरांवर चार मीटर व्यासाचें एक विवर आलें. पृथ्वीवरून तिला मागें वळण्याचा हुकूम झाला, ती आल्या वाटेनें परतली, आणि दुसरी वाट धरून पुढें निघाली.